चाकचं नाक

“आता या सोंडेकडे बघा,” खानापूरकर सर म्हणाले, आणि अठरा माना एकदम वर गेल्या.

समोर दगडी भिंत होती, चांगली पन्नास-साठ पावलं लांब, आणि तिच्यावर खालपासून वरपर्यंत एकच चेहरा पुन्हा पुन्हा बसवलेला होता. खोल गोल डोळे, दातांची रांग, आणि मधोमध पुढे आलेलं लांबलचक वळलेलं नाक. बहुतेक नाकं तुटून गेली होती. शाबूत राहिलेल्यांपैकी एक सरांच्या डोक्याच्या बरोबर वर होतं आणि त्याचं टोक आकाशाकडे वळलेलं होतं. सर त्याच्या खाली काठी उगारून उभे होते. जणू ते नाक त्यांनी स्वतःच तिथे लावलं होतं.

१९९६चा मे महिना. मेक्सिकोतला युकातानचा प्रदेश, उश्मालपासून तासाभरावरचं एक पडकं माया शहर. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथे जाणाऱ्या मराठी माणसांत माझ्यामुळे आणखी भर पडायला नको.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, पुण्यात संध्याकाळच्या वर्गांना स्पॅनिश शिकवत होते, आणि सरांच्या ‘मयसंस्कृती अभ्यासयात्रे’त दुभाषी म्हणून आले होते. भालचंद्र खानापूरकर तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवत होते. निवृत्तीच्या आसपास कधीतरी त्यांना साक्षात्कार झाला की माया लोक म्हणजे आपल्या मयासुराचे वंशज. त्यावर त्यांनी दोन पुस्तकं लिहिली, कुठल्याशा बेटावरच्या विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट पाठवून दिली, आणि व्याख्यानमालांतून त्यांचं नाव गाजू लागलं. त्यांची संशोधनाची पद्धत सोपी होती. ते शब्द कानाला लावायचे आणि त्यात संस्कृत ऐकू येईपर्यंत थांबायचे. मेरिदा म्हणजे मेरुदा. कांपेचे म्हणजे कांपिल्य. इथल्या पावसाच्या देवाचं नाव चाक, म्हणजे उघडच चक्र. या लोकांनी गाडीचं चाक कधी वापरलं नव्हतं, ही गोष्ट मी बसमध्ये सांगितली तेव्हा सर म्हणाले, “म्हणूनच तर देवाला दिलं.” यावर बसमध्ये टाळ्या पडल्या.

त्या टाळ्यांचाच मला खरा संताप यायचा. यात्रेतली सतरा माणसं आयुष्यभर शहाण्यासारखी वागलेली होती. त्यांत इंजिनिअर होते, डॉक्टरीणबाई होत्या, एक बिल्डर होता, बँकेतून निवृत्त झालेलं एक जोडपं होतं. आणि हीच माणसं घशाच्या गोळ्या चघळत सरांचा प्रत्येक शब्द वहीत उतरवून घेत होती. रात्री खोलीत मी आरशासमोर सरांची नक्कल करायची. पुण्यातल्या मैत्रिणीला रोज पत्र लिहायची आणि त्यात त्या दिवशीच्या व्युत्पत्त्या क्रमांक घालून पाठवायची.

सगळ्यांत जास्त मी कोणाला हसत असेन तर कालिंदीकाकूंना. कालिंदी भडकमकर, म्हसवडच्या पोस्टातून निवृत्त झालेल्या. नवऱ्याने दोघांचं बुकिंग केलं आणि यात्रेच्या आधी चार महिने तो वारला, म्हणून एकट्या आल्या होत्या. रोज संध्याकाळी त्या माझ्याकडून एक स्पॅनिश शब्द मागून घ्यायच्या, देवनागरीत लिहायच्या आणि दुसऱ्या दिवशी दिसेल त्याच्यावर वापरायच्या. वेटर असो, ड्रायव्हर असो, विमानतळावरचा पोलीस असो, त्यांचं ठसक्यात “ग्रासियास” ठरलेलं. मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांत त्यांच्यासाठी मी वेगळं सदर ठेवलं होतं.

त्या दिवशी सकाळी बसमध्ये सरांनी माझे उच्चार सुधारले होते. सगळ्यांसमोर, माइकवरून, स्वतःला स्पॅनिशचं एक वाक्य येत नसताना. “उश्माल नाही हेमांगी, उक्ष्मल. मूळ शब्द उक्षन्, बैल.” ते वाक्य दिवसभर मला खुपत होतं.

त्या पडक्या शहराच्या फाटकाशी आम्हाला एक वाटाड्या मिळाला. फर्मिन उक त्याचं नाव. साठीचा असेल, बुटका, रुंद खांद्यांचा, पांढरा धुवट सदरा आणि गवताची टोपी. घरी तो माया भाषाच बोलायचा. स्पॅनिश शाळेत शिकलेला, त्यामुळे एकेक वाक्य जपून, तपासून मांडायचा. तासभर तो आम्हाला पाण्याबद्दल सांगत होता. या भागात नदी नाही, तळं नाही. जमिनीखाली चुन्याने लिंपलेली टाकी खोदायची, त्यांत पावसाचं पाणी धरायचं आणि ते वर्षभर प्यायचं. एवढं मोठं शहर फक्त पावसावर जगलं. मी सगळं मराठीत सांगत होते आणि प्रत्येक वेळी माझं झालं की सर त्याच्या दुप्पट बोलत होते. फर्मिन टोपी हातात धरून सरांचं भाषण संपायची वाट बघायचा. आपल्या चार वाक्यांचं मराठीत एवढं काय होतं, याचं त्याला नवल वाटत असावं.

मग आम्ही त्या भिंतीसमोर आलो. सरांनी काठीने सोंड दाखवली, कान दाखवले (मला तिथे कान कुठेही दिसले नाहीत) आणि विचारलं की अमेरिका खंडात हत्ती नाही, तर ही सोंड आली कुठून? सर माझ्याकडे वळले.

“याला विचार, हा देव पूर्वेकडून समुद्र ओलांडून आला, अशी आठवण त्याच्या पूर्वजांत आहे का.”

मी प्रामाणिकपणे विचारलं. तोवर मी सगळंच प्रामाणिकपणे केलं होतं.

फर्मिनने आधी भिंतीकडे पाहिलं. मग तो बोलायला लागला, आणि सकाळपासून बोलला नव्हता इतका वेळ बोलला.

“साहेबांना सांगा, याचं नाव चाक. पाऊस याच्या हातात आहे. हे वरचं नाक पडलेलं होतं, दगडांच्या ढिगात. सरकारने भिंत पुन्हा उभी करायला घेतली तेव्हा माझे वडील इथे मजुरीला होते. त्यांनी ते वर चढवलं. टोक वर करायचं की खाली, यावरून इंजिनिअर लोक दोन दिवस भांडत होते. शेवटी वडिलांनी विचारलं, सिमेंट वाळतंय, काय करू? तेव्हा कोणीतरी म्हणालं, वर. म्हणून ते वर आहे.”

हे सांगताना त्याने थापीने सिमेंट लावल्यासारखा हात फिरवला आणि हसला. मग त्याचं हसू गेलं.

“इथे खूप लोक येतात. कोणी सांगतं हे इजिप्तच्या माणसांनी बांधलं, कोणी सांगतं आकाशातून कोणी उतरलं होतं. आणि मला विचारतात, बांधणारे कुठे गेले? बाई, आम्ही कुठेही गेलो नाही. माझं गाव इथून पाऊण तास चालत आहे. दोन वर्षं पाऊस नीट नाही. मक्याचं कणीस माझ्या बोटाएवढं होतं. गेल्या महिन्यात आम्ही रानात चाकसाठी जेवण मांडलं. आम्ही अजून यालाच मागतो. हे त्यांना सांगा. साहेबांनी विचारलं ते बरं केलं. असं कोणी विचारत नाही.”

मी सरांकडे पाहिलं. ते हनुवटी वर करून उभे होते. मागे सतरा वह्या उघडलेल्या. यांना हे सांगून काय उपयोग, असं माझ्या मनात आलं. ते सिमेंटलाही संस्कृत करतील. आणि मग सरांचं ते सकाळचं वाक्य पुन्हा आठवलं आणि मी ठरवलं की यांना यांच्याच लायकीचं काहीतरी द्यावं.

“तो म्हणतो,” मी अगदी गंभीरपणे सुरुवात केली, “हा देव पूर्वेकडून आला. समुद्रावरून. त्याचं पोट मोठं होतं. त्याला गोड फार आवडायचं.” जरा थांबले. कोणाच्या चेहऱ्यावर काही नाही. “आणि त्याच्याबरोबर एक उंदीर होता.”

आता हसतील, असं मला वाटलं. उंदरापाशी तरी एखादा हसेल, डॉक्टरीणबाई म्हणतील, हेमांगी, पुरे. मग मीही हसेन आणि खरं काय ते सांगेन. माझी तयारी होती.

कोणी हसलं नाही. बँकवाल्या गृहस्थांनी चष्मा काढून डोळे पुसले. मागून कोणीतरी हळूच “मोरया” म्हणालं. कालिंदीकाकूंनी हात जोडले.

फक्त सर माझ्याकडे बघत राहिले. बराच वेळ. मग शांतपणे म्हणाले, “हेमांगी, कॅमेरा चालू नव्हता. त्यांना पुन्हा एकदा विचार.”

बिल्डरने हँडीकॅम खांद्यावर घेतला. त्याचा लाल दिवा लागला. मी फर्मिनला विनंती केली की साहेबांना तुमचं बोलणं चित्रित करायचं आहे, पुन्हा सांगाल का. त्याने सदरा सारखा केला आणि न कंटाळता सगळं पहिल्यापासून सांगितलं. वडील, सिमेंट, कणीस, रानातलं जेवण. एक शब्दही गाळला नाही.

आणि मी कॅमेऱ्याकडे बघून माझं सगळं पहिल्यापासून सांगितलं. या वेळी ‘उंदीर’ न म्हणता ‘मूषक’ म्हणाले.

नंतर त्यांनी तिथे आरती म्हटली. टाळ नव्हते म्हणून टाळ्यांवर. फर्मिन बाजूला उभा राहून ऐकत होता. त्याने मला विचारलं, हे काय गातायत? मी सांगितलं, तुमच्या पावसाच्या देवाला नमस्कार करतायत. त्याने छातीवर हात ठेवला. मला म्हणाला, “त्यांना सांगा, मी आभारी आहे. गावात सांगेन मी हे.” कालिंदीकाकू पुढे झाल्या, त्याच्यासमोर वाकून “ग्रासियास” म्हणाल्या, आणि तो त्यांच्याशी माया भाषेत काहीतरी बोलला. ते मलाही समजलं नाही.

पुढच्याच वर्षी सरांचं तिसरं पुस्तक आलं, ‘मयभूमीतला विघ्नहर्ता’. त्यात एक अख्खं प्रकरण फर्मिनच्या साक्षीवर होतं. खाली छापलं होतं: ‘भाषांतर : स्पॅनिश भाषातज्ज्ञ हेमांगी रेगे’. भाषातज्ज्ञ हे मला तेव्हा पहिल्यांदाच कोणीतरी म्हटलं. आवृत्त्या निघत गेल्या. व्याख्यानांत सर ती चित्रफीत दाखवायचे. दुसऱ्या यात्रा कंपन्यांनीही ती भिंत आपल्या कार्यक्रमात घातली. लोक पुण्याहून दूर्वा ओल्या फडक्यात गुंडाळून, कस्टमवाल्यांची नजर चुकवून तिथवर नेऊ लागले. पायऱ्यांवर गुळाचे खडे ठेवू लागले. मुंग्या झाल्या तेव्हा तिथल्या लोकांनी दोरी बांधून भिंतीजवळ जाणं बंद केलं, असं एका परतलेल्या बाईंनी मला तक्रारीच्या सुरात सांगितलं. आपल्याच देवाला हात लावू देत नाहीत, म्हणाल्या.

आणि मी काय केलं? मी हा किस्सा सांगत फिरले. मित्रमंडळींत, जेवणं झाल्यावर, सरांच्या आवाजासकट. मूषकापाशी सगळे लोटपोट व्हायचे. मी तो इतका रंगवायचे की फर्मिन काय म्हणाला होता, हा भाग हळूहळू गळून गेला. तो गमतीचा नव्हता.

नऊ वर्षांनी माझ्या वर्गातल्या एका मुलीने ते पुस्तक आणून माझ्यासमोर ठेवलं. सहावी आवृत्ती. तिच्या आजोबांनी दिलेलं. “मॅडम, या तुम्हीच ना?” तिने इतक्या अभिमानाने विचारलं की मला हो म्हणावं लागलं. तिला त्याच विषयावर निबंध लिहायचा होता. मी तिला म्हटलं, दोन दिवस थांब.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले. ते ऐंशीला आले होते, पाय मोडल्यामुळे आरामखुर्चीत होते. सुनेने चहा ठेवला आणि ती आत गेली. मी येताना वाटेत सगळं ठरवलं होतं. म्हातारा माणूस आहे, हळू सांगायचं. त्याच्या आयुष्याच्या कामाचा पाया एका पोरीच्या थट्टेवर आहे, हे त्याला एकदम सांगायचं नाही. मला, खरं सांगायचं तर, त्यांची कीव येत होती. आणि ती मला सुखावतही होती.

मी हळू सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. चहाचा कप खाली ठेवला.

“तो माणूस चार वेळा चाक म्हणाला,” ते म्हणाले. “तुझ्या मराठीत चाक एकदाही आलं नाही. तो पापा, पापा म्हणत होता आणि हाताने गिलावा करून दाखवत होता. पापा कळायला स्पॅनिश लागत नाही. तो चार मिनिटं बोलला आणि तू चार वाक्यं. मी बहिरा नव्हतो, हेमांगी.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“तू सकाळी माझ्यावर चिडलेली होतीस, हेही माहीत होतं.”

“मग तुम्ही पुन्हा का विचारायला लावलंत?”

“पहिल्यांदा बोललीस ती थट्टा होती,” ते म्हणाले. “थट्टा मला पुस्तकात छापता आली नसती. दुसऱ्यांदा तू कॅमेऱ्यात बघून बोललीस, ती साक्ष झाली. तुझी. माझी नाही. मी फक्त तुझ्या नावानिशी छापली.”

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दहा दिवस मी त्यांना आरशात वेडावत होते आणि त्या दहा दिवसांत त्यांनी मला पुरतं ओळखलं होतं. मी किती पाण्यात आहे हे त्यांना कळलं होतं. ते मात्र मला मूर्ख वाटले होते. जाताना त्यांनी मला सातव्या आवृत्तीची छापील पानं बघायची आहेत का, असं विचारलं. मी चहा तसाच टाकून बाहेर पडले.

त्या आठवड्यात मी एका वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. घडलं ते सगळं, माझं नाव घालून. ते निम्मं कापून छापलं गेलं, सिमेंटचा भाग राहिला आणि फर्मिनच्या गावाचा गेला. त्यावर उत्तरं आली. मला परदेशी लोकांनी विकत घेतलं आहे, असं बहुतेकांचं मत पडलं. यात्रेतल्या डॉक्टरीणबाईंनी लिहिलं की त्या स्वतः तिथे हजर होत्या आणि हेमांगी तेव्हा खरं बोलत होती, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. सरांनी एक ओळही लिहिली नाही. गरज नव्हती. फक्त त्या विद्यार्थिनीने निबंधाचा विषय बदलला.

मग एका दुपारी फोन आला. म्हसवडहून, कालिंदीकाकूंचा. आवाज बारीक झाला होता. पत्र त्यांच्या वाचण्यात आलं होतं. मी वाट बघत राहिले की आता त्या बोलतील. आम्ही तिथे हात जोडले होते, आमची अशी टर उडवलीस, असं काहीतरी. मी त्यासाठी माफीही जुळवून ठेवली.

“त्यात अर्धंच दिलंय गं,” त्या म्हणाल्या. “तो माणूस खरं काय म्हणाला होता, तेवढं सांग मला.”

नऊ वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. ज्यांना मी किस्सा सांगितला त्यांच्यापैकी एकानेही नाही. मी खुर्ची ओढून बसले आणि सांगायला लागले. त्याची एकेक वाक्यं आठवून, जशीच्या तशी, तो थांबला होता तिथे थांबून. वडिलांनी चढवलेलं नाक. आम्ही कुठेही गेलो नाही. दोन वर्षं पाऊस नीट नाही. बोटाएवढं कणीस. रानात मांडलेलं जेवण. साहेबांनी विचारलं ते बरं केलं. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत चांगलं भाषांतर असेल.

“बरं झालं सांगितलंस,” त्या म्हणाल्या. “पण तू हे तेव्हाच का नाही गं सांगितलंस? मी माणदेशातली बाई. पाऊस देतो म्हटल्यावर मी त्याला तसेही हात जोडलेच असते.”